मांडवातला उजेड आणि लेन्सची निवड



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, अर्थकारण ऐकले, जंगल आणि वाघ यांवर तर दरवर्षीच ऐकता. आज लग्नाचे फोटो काढणारा एक मनुष्य लेन्सवर बोलावयास उभा राहिला आहे, याचे काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. संयोजकांना मी विचारले, की यात श्रोत्यांना गोडी ती काय? ते म्हणाले, समोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एखादे लग्न होऊन गेले आहे किंवा व्हावयाचे आहे, आणि फोटोंविषयी प्रत्येकाची एक तक्रार आहे. तेव्हा ती तक्रार पुढे ठेवूनच बोलतो.

तक्रार बहुतेक एकच असते. हळदीचे फोटो छान, जेवणावळीचे छान, पण ऐन मुहूर्ताचे एक तर काळवंडलेले नाही तर हललेले. याचे कारण आपल्या मुलखातच आहे. लग्नसराई भर उन्हाळ्यात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, मग दुपारचा मुहूर्त धरणार कोण? म्हणून गोरज मुहूर्त. आणि गोरज मुहूर्त गोरजेलाच लागला, असे मी तरी क्वचितच पाहिले आहे. वरात नाचत नाचत येते, व्याह्यांच्या भेटी होतात, कोणीतरी रुसतो, आणि मंगलाष्टके सुरू होईपर्यंत चांगली रात्र झालेली असते. खेड्यात वर जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव. उन्हाळ्यात त्याच्याइतका थंडावा दुसरा नाही, पण ती गर्द पाने उजेड पिऊन टाकतात आणि उरलेल्या उजेडाला हिरवट झाक देतात.

ही झाली मराठी घरांची गोष्ट. खाली सिरोंच्याकडे जा. तेथील तेलुगू घरांत मुहूर्त मध्यरात्रीचा नाही तर पहाटेचाही निघतो. पडद्याआडून वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गुळाचा गोळा ठेवतात, आणि तो क्षण म्हणजेच लग्न. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. त्यांचे लग्नही रात्रीचे. वधूला पाटावर बसवून भाऊ उचलून आणतात, तिने दोन विड्याच्या पानांनी चेहरा झाकलेला असतो, आणि वरासमोर ती पाने दूर होतात तीच शुभदृष्टी. भामरागडकडे रात्रीच्या रेला नाचाला कित्येकदा शेकोटीचाच उजेड. भाषा निराळ्या, विधी निराळे, परंतु फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने प्रसंग एकच: उजेड थोडा, क्षण एक-दोन सेकंदांचा, आणि पुन्हा करा असे म्हणण्याची सोय नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे पुढचे कळावयास सोपे जाईल. २०१४ च्या मे महिन्यात सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात लग्न होते. माझ्याजवळ १८ ते २०० मिलिमीटरची एकच लेन्स होती. जवळचेही घेते, लांबचेही घेते, बदलावी लागत नाही, म्हणून मोठ्या हौसेने घेतलेली. ऐन वेळी वीज गेली, जनरेटरवर बोहल्यापाशी एक बल्ब लागला. वधूची आजी खूप थकलेली होती, तिला खुर्चीसकट उचलून मांडवात आणले होते. तिने नातीच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होतो. लेन्स पूर्ण लांब केली आणि फोटो घेतला. घरी येऊन पाहतो तो मांडवाचा खांब अगदी स्पष्ट, त्यावरची आंब्याची पाने मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट, आणि आजीचे हात म्हणजे नुसता धूर. चेहराही ओळखू येईना. त्याच पावसाळ्यात आजी गेली. पुढे मुलीचे वडील दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, आईचा तो फोटो असेल ना? भिंतीवर लावाचा होता." मी तो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि तसाच छापून घेऊन गेले. पैसे मी घेतले नाहीत, पण त्याने काय होते?

चूक कोठे झाली? लेन्स वाईट नव्हती. मी ती लांबी पाहून घेतली होती, तोंड पाहून घेतली नव्हती. लेन्सच्या ज्या छिद्रातून उजेड आत जातो त्याला धंद्यातली मंडळी अ‍ॅपर्चर म्हणतात, आपण तोंड म्हणू. लेन्सच्या नाभीय अंतराला या तोंडाच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो तो एफ-आकडा. म्हणून आकडा लहान तितके तोंड मोठे. येथे नवख्याची गल्लत होते. उजेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, त्यामुळे एफ २.८ च्या मानाने एफ ४ वर उजेड निम्मा, आणि एफ ५.६ वर चौथाई. माझी लेन्स आखूड असताना ३.५ होती, पण लांब करताच ६.३ होत असे. म्हणजे २.८ च्या लेन्सला जो उजेड मिळाला असता त्याचा पाचवा हिस्सा. परिणामी कॅमेऱ्याने पडदा १/१५ सेकंद उघडा ठेवला. त्याच जागी २.८ असते तर १/७५ सेकंदात काम भागते, आणि कॅमेऱ्याची संवेदकता, म्हणजे आयएसओ, दुप्पट केली असती तर १/१५० मध्ये. तेवढ्यात हात बव्हंशी थांबतात.

मग खांब स्पष्ट कसा आला? लेन्समध्ये हात स्थिर करण्याची यंत्रणा होती. दुकानदार हीच यंत्रणा पुढे करून अंधारातही चालते म्हणून सांगतात. ती माझ्या हाताचा कंप थांबवते, आजीचे हात थांबवत नाही. देवळातल्या मूर्तीचा फोटो घेणाऱ्याला ती उपयोगी, अक्षता टाकणाऱ्यांचा घेणाऱ्याला फारशी नाही. एवढे एक वाक्य मला कोणी आधी सांगितले असते तर मी त्याचा जन्माचा ऋणी झालो असतो.

येथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह होतो. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरने आपली कृती जाहीर केली तेव्हा फोटोसाठी माणसाला कित्येक मिनिटे दगडासारखे बसावे लागे. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नाच्या योसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने हिशेब करून मोठ्या तोंडाची लेन्स काढली, आणि ती फोइग्टलेंडर यांनी बनवली. तिचे तोंड सुमारे एफ ३.६ होते. म्हणजे माझी लेन्स लांब केल्यावर १८४० सालच्या त्या लेन्सहूनही मंद होती! याच फोइग्टलेंडर नावाने १९५९ मध्ये ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स आली. फ्रँक बॅक यांनी आखलेली, ३६ ते ८२ मिलिमीटरची, 'झूमार'. तिचे तोंड २.८ होते. मध्ये एकशेएकोणीस वर्षे का लागली, तर झूममध्ये भिंगे पुष्कळ असतात. काचेचा उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. पंधरा भिंगे म्हणजे तीस पृष्ठभाग. प्रत्येक वेळी चार टक्के गळाले तर शेवटी जेमतेम तीस टक्के उरतो, आणि फेकलेला उजेड आतच फिरून चित्र पांढुरके करतो ते निराळेच. डेनिस टेलर नावाच्या इंग्रज कारागिराला १८९० नंतर असे दिसले, की जुन्या, डाग चढलेल्या लेन्समधून नव्याहून अधिक उजेड जातो. पुढे १९३५ मध्ये त्साइस कारखान्याच्या स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप चढवण्याची पद्धत काढली, आणि तेव्हापासून झूमचा मार्ग मोकळा झाला. लेन्सच्या तोंडावर जी जांभळी-हिरवी झाक दिसते ती हाच लेप. ती धोतराच्या सोग्याने पुसू नये.

आता निवडीकडे येतो. माझे मत असे, की आपल्या मांडवांसाठी २४ ते ७० मिलिमीटर, आणि सबंध पल्ल्यात २.८ तोंड कायम राहणारी लेन्स घ्यावी. ७० च्या पुढचा पल्ला मला नको. मांडवात वधूच्या मागे मामा, वराच्या मागे मामा, भटजी, दोन करवल्या, आणि मोबाइल उंचावलेले चाळीस हात. तेथे दुरून फोटो घेतो म्हणणारा हातांचेच फोटो घेतो. जवळ जावे लागते, आणि जवळ गेल्यावर रुंद दृष्टी लागते. २४ ला दृष्टी ८४ अंशांची, २८ ला ७५. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण पाठीमागे कुडाची भिंत असली म्हणजे कळतो. तरीही टॅमरॉनची २८ ते ७५ ही लेन्स अनेक जण वापरतात, कारण ती साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास आहे. सिग्माची जुनी २४ ते ७० आठशेच्या पुढे जाते. रात्रभर गळ्यात कॅमेरा अडकवणाऱ्याने हे तीनशे ग्रॅम हसण्यावारी नेऊ नयेत. मात्र आपल्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान असेल तर २४ ची लेन्स ३६-३८ सारखी वागते आणि मांडव मावत नाही. त्याने १७-१८ पासून सुरू होणारी २.८ ची लेन्स घ्यावी.

७० ते २०० ची २.८ ची लेन्स काय वाईट? मुळीच नाही. शहरातल्या लॉनवर ती राज्य करते. पण २०० ला २.८ ने भागा, तोंड एकाहत्तर मिलिमीटरचे येते. एवढी काच म्हटली की वजन आणि किंमत आलीच. आधी २४-७० घ्यावी, ही लागेल तेव्हा नागपुराहून भाड्याने आणावी. कॅमेराकंपनीची स्वतःची २४-७० लाखाच्या पुढे जाते. जोडकंपन्यांची बरीच स्वस्त पडते आणि मांडवातल्या उजेडात मला तरी दोन्हींच्या चित्रांत अल्बमपुरता फरक दिसलेला नाही. कर्ज काढून नाव विकत घेणाऱ्या तरुणांना मी हे नेहमी सांगतो. ते ऐकत नाहीत.

कोणी म्हणेल, फ्लॅश असताना एवढी यातायात कशाला? फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारला की वधू पिठासारखी पांढरी आणि मागचा मांडव काळाकुट्ट. जाणकार तो छतावर मारून उजेड खाली पाडतात. पण पानांच्या मांडवाला छत कोठे आहे? आणि कापडी मांडव लाल असला तर उजेडही लालच खाली येतो. फ्लॅश जवळ असावा, पण त्याच्या भरवशावर मंद लेन्स घेऊ नये.

मोठ्या तोंडाचाही एक जाच आहे. पन्नास मिलिमीटरवर, दोन मीटरांवरून, २.८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम फूटभर मिळते. अंतरपाट दूर होताना तुम्ही वराच्या खांद्यामागे असाल तर वधू स्पष्ट आणि वर पुसट. म्हणून अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत उभे राहावे. तेथून दोघेही सारख्या अंतरावर असतात. आणखी एक: आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. पडद्याचा वेग फार वाढवला की चित्रात काळे पट्टे येतात. १/१०० वर बहुधा निभावते.

खिशात पन्नास मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स असू द्यावी. ती झूम होत नाही, पण २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड घेते आणि स्वस्त असते. वीज गेली त्या रात्री ती माझ्या खिशात असती, आणि मी चार पावले पुढे गेलो असतो, तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

लेन्स घेतल्यावर ती मारली जाते पावसाळ्यात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणून आपण ती कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवतो, आणि नेमके तेच महिने दमटपणाचे. कार्तिकात उघडून पाहावे तो आत बुरशीची जाळी. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो घेणे, एवढ्याने भागते.

यजमानांना एकच विनंती. मांडववाल्याला सांगून बोहल्याच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे दोन चांगले दिवे, डोक्याच्या थोडे वर, लावून घ्या, आणि ते रंग बदलणारे दिवे मंगलाष्टके होईपर्यंत बंद ठेवा. निळ्या उजेडात हळद हिरवी दिसते. आणि घरात कोणी थकलेले वडीलधारे असतील तर ते कोठे बसणार आहेत, हे फोटो काढणाऱ्याला आधी दाखवून ठेवा.

बाहेर मेजावर तीन लेन्स मांडल्या आहेत, त्यांत माझी ती जुनीही आहे. संयोजकांनी तेथे एकच बल्ब ठेवण्याचे कबूल केले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी तिन्हींतून एकमेकांचे हात हलवतानाचे फोटो घेऊन पाहावेत.