पुराचे पाणी ओसरल्यावर



या व्याख्यानमालेत आजवर कवी, नाटककार, प्राध्यापक बोलून गेले. मी साखरेच्या गोळ्या देणारा माणूस. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी 'पूर' म्हणालो. ते म्हणाले, "डॉक्टर, त्याचा साहित्याशी काय संबंध?" मी म्हटले, आपल्या सभासदांपैकी किती जणांच्या पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा ऑगस्ट २०२४ पासून रिकामा आहे, ते एकदा विचारून पाहा. त्यांनी विचारले की नाही ते ठाऊक नाही, पण विषय मान्य झाला.

माझा दवाखाना विश्वामित्रीपासून फार लांब नाही. त्या वर्षी गोकुळाष्टमीच्या दिवशी, २६ ऑगस्टला, पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी पाऊस कमी झाला आणि पाणी मात्र वाढत गेले. तिसऱ्या दिवशीही ते दवाखान्यात कमरेएवढे होते. ओसरल्यावर कुलूप उघडले, तर लाकडी मांडण्या फुगून बसलेल्या आणि शेकडो बाटल्यांतल्या गोळ्या विरघळून गेलेल्या. माझ्या चाळीस वर्षांच्या औषधांचे मिळून एकच मिश्रण झाले होते आणि त्यावर डिझेलची साय होती. एक जुने पेशंट दारातून डोकावून म्हणाले, "डॉक्टर, आता याची पोटन्सी किती?" हसू आले. त्या दिवशी हसायला तेवढेच होते.

पाऊस थांबल्यावर पाणी का वाढते, हा प्रश्न मला सोसायटीतल्या मुलांनीही विचारला. त्याचे उत्तर नदीच्या वाटेत आहे. विश्वामित्री पावागडावर उगम पावते. आजवा आणि प्रतापपुरा या तलावांचे जादा पाणी तिच्यातच येते. शहरातून वळणे घेत ती पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. म्हणजे वर पडलेला पाऊस आपल्या दाराशी पोहोचायला वेळ घेतो, आणि खाली ढाढरच तुडुंब असेल तर आलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. काळा घोडा पुलापाशी धोक्याची खूण २६ फुटांची. २०१९ मध्ये पाणी ३४ फुटांच्या वर गेले, २०२४ मध्ये ३५ च्याही वर.

आजवा सयाजीरावांनी बांधून घेतला तो शहराला प्यायचे पाणी मिळावे म्हणून. पुरात लोक आजव्याच्या दरवाजांना शिव्या देतात. मीही दिल्या आहेत. पण पिण्याच्या पाण्याचा तलाव ऑगस्टअखेर भरलेला हवा आणि पूर अडवायचा तलाव त्याच वेळी रिकामा हवा. एकाच तलावाकडून आपण दोन्ही मागतो. हा पेच दरवाजे चालवणाऱ्याचा नाही, मागणाऱ्यांचा आहे.

आता आभाळाकडे. तो पाऊस आणला एका खोल कमी दाबाच्या पट्ट्याने. तो मध्य प्रदेश आणि राजस्थानकडून गुजरातेत शिरला, सौराष्ट्र-कच्छवर रेंगाळला आणि ३० ऑगस्टला कच्छच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरून चक्रीवादळ झाला. 'आस्ना' हे त्याचे नाव, पाकिस्तानने सुचवलेले. वादळे समुद्रात जन्मतात आणि जमिनीवर येऊन मरतात, असे आपण शाळेत शिकलो. हे जमिनीवरून समुद्रात जाऊन मोठे झाले. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात याआधी अशी चक्रीवादळे नोंदली गेली ती १९४४, १९६४ आणि १९७६ मध्ये. समुद्र तापतो आहे, आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आपण म्हटले, हे एकदाच. २०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात त्याच्या निम्म्याहून अधिक पडला.

तरी सगळे समुद्रावर ढकलून मोकळे होता येणार नाही. १९२७ च्या जुलैत गुजरातभर महापूर आला, तेव्हाही बडोदे बुडाले होते. माझे आजोबा त्याआधी थोडी वर्षे सांगलीकडून इथे आलेले. ते सांगत की नदीकाठची कोतरे पाणी पोटात घेत आणि कांस भरभरून वाहत. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावे नव्या पिढीला गटारांची वाटतात. ते पावसाच्या पाण्याचे रस्ते होते. आपण त्यांवर स्लॅब टाकले, कोतरांत भराव घातला आणि तिथल्या फ्लॅटना 'रिव्हर व्ह्यू' म्हणून जास्त पैसे मोजले. मोजणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही होती. माझा मुलगाही होता.

पुस्तकांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भिजलेले पुस्तक कडक उन्हात टाकू नका, पाने वाकतात आणि बांधणी सुटते. उभे करून, पानांत टिपकागद घालून, पंख्याखाली सुकवा. फार असतील तर पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले आणि दोन्ही वेळा ग्रंथालय पुन्हा उभे केले. आपण एक कप्पा भरू शकत नाही का?

पण मला खरे बोलायचे आहे ते पुरानंतरच्या तापाबद्दल.

पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. त्यातले लेप्टोस्पायराचे जंतू पायाच्या लहानशा चिरेतून, भेगेतून शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे घर धुऊन झाल्यावर, पूर विसरायला लागल्यावर. अंग मोडून येते, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. वेळेवर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन मिळाले तर माणूस सहसा बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे थांबतात. मुंबईत २००५ च्या पुरानंतर हे झाले. सुरत, नवसारी, वलसाडकडे तर दर पावसाळ्यात होते. मला हे सगळे माहीत होते. परीक्षेत लिहिले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात सफाई करणारा एक तरुण माझ्याकडे आला. तीन दिवस तळघरांतला गाळ उपसला होता, अनवाणी. ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा. मी नीट केस घेतली. भिजल्याने आजार, हालचालीने थोडा आराम, रात्री अस्वस्थता. र्‍हस टॉक्सचे चित्र पुस्तकात असते तसे. पोटऱ्या दुखतात हे मी कागदावर लिहून घेतले होते. पण ते औषध निवडण्यासाठी लिहिले, रोग ओळखण्यासाठी नाही. दोन दिवसांनी ये म्हटले. तो दोन दिवसांनी आला तेव्हा त्याचे डोळे पिवळे होते आणि आदल्या दिवसापासून लघवी जवळजवळ नव्हती.

मी त्याला माझ्या गाडीतून इस्पितळात नेले. चार वेळा डायलिसिस करावे लागले. वाचला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "आधी कुणाला दाखवले होते?" त्याची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाला नाही." त्या बाईने मला वाचवले आणि ते मला पाच वर्षे बोचत राहिले.

म्हणून २०२४ मध्ये चिखल काढून दवाखाना उघडला, त्या दिवशी आधी दारावर पाटी लावली: पुराच्या पाण्यात उतरलेल्या कुणालाही ताप आल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासावे, माझ्याकडे नंतर यावे. प्रतिबंधक गोळ्या मागायला रांग लागली होती. त्यांना सांगितले, या तापासाठी माझ्या गोळीवर विसंबू नका, गमबूट घाला, जखम झाका, अंडरग्राउंड टाकी उपसून क्लोरीन टाका, आणि तोवर पाणी उकळूनच प्या. आमच्या जैन घरात आई पाणी गाळून उकळूनच ठेवत असे, तेव्हा आम्ही भावंडे कंटाळायचो. एका व्यवसायबंधूंनी फोन करून विचारले, "तुमचा आपल्या शास्त्रावर विश्वास उरला नाही का?" मी म्हटले, जुनाट दम्यासाठी, त्वचेसाठी लोक माझ्याकडे येतात आणि मी औषध देतो. पण जिथे दोन दिवसांत मूत्रपिंड जाते, तिथे मला माझ्या विश्वासाची परीक्षा दुसऱ्याच्या शरीरावर घ्यायची नाही. ते बंधू अजून माझ्याशी बोलत नाहीत. आज ते सभागृहात असतील तर त्यांना नमस्कार.

दशलक्षण पर्व त्या वर्षी पुराच्या पाठोपाठच आले. अनंत चतुर्दशीनंतर आमच्याकडे क्षमावणी असते, ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. पाच वर्षे मी ती मंदिरात, नातेवाइकांत, फोनवर शेकडो जणांकडे मागितली होती. त्या घरी गेलो नव्हतो. त्या वर्षी गेलो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. तो घराबाहेर गाळ भरत होता, पुन्हा अनवाणी. मी हात जोडले आणि जे घडले होते ते सगळे, र्‍हस टॉक्ससकट, त्याच्या आईसमोर सांगितले. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ते आम्हाला तेव्हाच कळले होते. तुम्ही गाडीत घालून नेलेत ना." मग तिने चहा टाकला.

मी त्याच्यासाठी गमबूट नेले होते. त्याने पाय घालून पाहिले आणि म्हणाला, "एक नंबर लहान होतात, साहेब." दुसऱ्या दिवशी बदलून आणून दिले.