अल्प सामग्री आणि स्मरणाची चित्रफीत
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वडिलांच्या अमृतमहोत्सवानिमित्त अथवा दिवंगत पूर्वजांच्या स्मरणार्थ आपल्या घराघरांतून हल्ली चित्रफिती तयार होऊ लागल्या आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. तथापि या कार्यास हात घालणाऱ्या तरुणांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. आजोबांचे छायाचित्र एकच. आजीचे तर तेही नाही. मग पाच मिनिटे लोकांपुढे दाखवावे काय? या प्रश्नाचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

सामग्रीची वानवा ही काही आजची नव्हे. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी ना नटसंच होता, ना भांडवल. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोपाच्या वाढीची एकेक चौकट दिवसामागून दिवस टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चिमुकला पट पाहून कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. एका दाण्याने पाहणारा का खिळला? कारण पुढे काय होणार, ही उत्कंठा त्या दाण्यात होती. आपल्या हाती असलेल्या वस्तूत काय बदलले, हे प्रथम शोधावे.

दुसरे उदाहरण दूरदेशीचे. १९५७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा लघुपट काढला. सोन्याच्या शोधात गेलेल्या लोकांचे १८९८ सालचे डॉसन हे गाव त्यात दाखविले आहे. त्या काळचे चलच्चित्र नव्हते. काचेवर घेतलेली जुनी छायाचित्रे तेवढी होती. कॅमेरा त्या चित्रांवरून संथपणे फिरतो, एखाद्या चेहऱ्यापाशी थबकतो, आणि त्याच गावी वाढलेला निवेदक हकीकत सांगतो. निश्चल चित्रे जणू चालू लागतात.

ही रीत आपल्या जिल्ह्यात कशी उपयोगी पडेल, ते पाहू. यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ आपणां सर्वांस परिचित आहे. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी खासगी कंपनीने घातलेला हा अडीच फुटी रुळांचा मार्ग. मँचेस्टर येथे १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत ही गाडी ओढीत होते. समजा, आपल्या घरी या गाडीचे एकच तिकीट उरले आहे. प्रथम संपूर्ण तिकीट दाखवावे, मग त्यावरील गावाचे नाव. नकाशावर रेघ हळूहळू पुढे सरकवावी. आणि त्या गाडीने माहेरी जाणाऱ्या एखाद्या आत्याबाईंस बोलते करावे. शिदोरीला काय बांधले होते, डब्यात शेजारी कोण होते, स्टेशनावर घ्यायला कोण आले होते, असे बारीक प्रश्न पुसावेत. ‘तुमचे आयुष्य कसे गेले?’ या प्रश्नास ‘बरे गेले’ एवढेच उत्तर मिळते.

यावरून ध्यानी येईल की, चित्रफितीचा कणा आवाज हा आहे. म्हणून प्रथम आवाज मुद्रित करावा. पंखा बंद करावा, यंत्र बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावे आणि मध्ये बोलू नये. छायाचित्र चौकटीतून काढून, सावलीच्या उजेडात, काचेची चमक न येईल असे टिपावे. प्रत्येक चित्र सहा-सात सेकंद तरी स्थिर राहू द्यावे. संगीताचा गोंगाट शब्दांवर घालू नये. पाच मिनिटांचे साहित्य असता वीस मिनिटांचा हट्ट धरू नये.

आता एका मोहाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आजचे संगणक एका छायाचित्रावरून मृत मनुष्यास हसवितात, बोलवितात. नसलेला चेहराही नवा घडवून देतात. सत्यजित राय यांनी १९६१ सालच्या रवींद्रनाथांवरील अनुबोधपटात कवीचे बालपण नटांकरवी उभे केले. परंतु तो नट आहे, हे पाहणारास उघड कळते. संगणकाने घडविलेल्या आजीबाबत तसे नाही. आज आपणांस फरक कळेल. परंतु तिला पाहिलेले कोणी उरणार नाही, तेव्हा पणतू तोच चेहरा खरा मानील. मग खऱ्या आजीला घरात जागा कोठली?

आजीचे छायाचित्र का नाही, हाच तर सांगण्याजोगा इतिहास आहे. पुष्कळ घरांत कर्ता पुरुष तालुक्याच्या गावी जाऊन छायाचित्र काढवून आला. घरची बाई मात्र चुलीपाशीच राहिली. ती उणीव लपवू नये. तिचे जाते दाखवावे, तिने लावलेले झाड दाखवावे, आणि तिच्या लेकीच्या तोंडून तिचे वर्णन ऐकवावे. ‘आईच्या हातावर गोंदण होते’ एवढे एक वाक्य खोट्या शंभर चित्रांहून मोलाचे आहे.

छायाचित्रे पेटीत राहतील. माणसे राहणार नाहीत. आपल्यांतील ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची वडीलधारी मंडळी आज या मंडपात बसली आहेत. त्यांच्या मुखातील हकीकत हीच आपली खरी सामग्री, आणि तीच दिवसेंदिवस आटत आहे. पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक घराने निदान एका वृद्धाचा आवाज नावगावासह नोंदवून ठेवावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.