अर्जातला तो रकाना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. लिहून काढताना थोडं आटोपशीर केलं आहे.)



सुरुवातीलाच एक विनंती. बोलताना माझ्याकडे तोंड करून बोला आणि प्रश्न विचाराल तेव्हा हात वर करा, म्हणजे कोण बोलतंय ते मला कळेल. ही विनंती एवढ्या सहज करायला मला वीस वर्षं लागली. आज त्या वीस वर्षांबद्दलच बोलणार आहे.

लहानपणी एका मोठ्या आजारपणानंतर माझा डावा कान पूर्ण गेला. उजव्या कानाने निम्मंशिम्मं ऐकू येतं. घरात पहिला नियम झाला तो केसांचा. वेणी सैल घालायची आणि केस कानावरून घ्यायचे, म्हणजे मशीन दिसणार नाही. पाहुणे बघायला आले की आई मला त्यांच्या डाव्या कुशीला बसवायची, म्हणजे बोलणं माझ्या चांगल्या कानावर पडावं. पुढे नोकरीच्या मुलाखतींना जायला लागले तेव्हा वाटलं, हाही बघण्याचाच कार्यक्रम आहे. केस तसेच, खुर्ची निवडायची धडपड तशीच आणि घरच्यांचा सल्लाही तोच: ‘आधी होऊन जाऊ दे, मग सांगू.’

बी.कॉम. झाल्यावर पहिल्या काही अर्जांत मी खरं लिहिलं. ‘काही शारीरिक व्यंग आहे काय?’ असा रकाना असायचा. मी लिहायची, ‘कमी ऐकू येते, मशीन वापरते.’ एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही. कारण रकानाच होता की आणखी काही, ते सिद्ध करता येणार नाही. नाकारणारा कारण सांगत नाही, ही त्यातली गोम आहे.

मग एका खासगी कार्यालयात रकानाच नव्हता, तिथे मी गप्प राहिले. नोकरी लागली. फोनवर ऑर्डर घेण्याचं कामही माझ्याकडे आलं. मला बारीक आवाजातली अक्षरं पकडता येत नाहीत, त्यात ‘स’ तर नाहीच. एकदा पलीकडून ‘साठ’ खोकी म्हणाले, मी ‘आठ’ लिहिली. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, ‘लक्ष कुठे असतं तुमचं?’ मी म्हटलं, ‘चुकले सर, लक्ष नव्हतं.’

बघा बायांनो, मी काय केलं! मी बहिरी आहे हे लपवण्यासाठी मी निष्काळजी आहे हे कबूल केलं. हाक मारल्यावर वळत नाही म्हणून बरोबरच्या बाया मला शिष्ट म्हणायच्या, तेही चालवून घेतलं. डबा खाताना चौघी एकदम बोलायच्या, मी सगळ्या हसल्या की हसायची. संध्याकाळी घरी येऊन पडायची ती कामाने नव्हे, दिवसभर ओठ वाचून डोकं दुखायचं म्हणून. वर्षभरात मला काढलं. कारण दिलं, ‘कामात चुका.’ कागदावर ते खरंच होतं.

तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीत बोलले नाही. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर, रुजू होण्याआधी साहेबांना भेटले. म्हटलं, ‘मला कमी ऐकू येतं. हिशेबाचं काम मी चोख करीन. फोन दुसऱ्या कुणाकडे द्या, तोंडी निरोप चिठ्ठीवर द्या आणि टेबल दाराकडे तोंड करून लावा.’ या तिन्ही गोष्टींना मिळून एक रुपया खर्च आला नाही. ते ‘बरं’ म्हणाले आणि मी तिथे टिकले. पण सगळं गोड झालं असंही नाही. पुढे बैठकांना मला बोलावणं बंद झालं, ‘तुम्हाला कशाला त्रास!’ म्हणून. बढती माझ्यामागून आलेल्याला मिळाली. न सांगण्याची किंमत असते तशी सांगण्याचीही असते, आणि दोन्ही वेळा ती आपणच मोजतो.

कायद्याचं थोडं सांगते. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा राखीव केल्या. त्याच्या जागी 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि आरक्षण 4 टक्के आहे. राखीव जागेसाठी किमान 40 टक्क्यांचा दाखला लागतो, म्हणजे तिथे सांगावंच लागतं. कानाच्या बाबतीत दोन्ही कानांनी 60 डेसिबल तरी कमी ऐकू यायला हवं. माझा उजवा कान 50 च्या आसपास. म्हणजे नोकरी नाकारण्यापुरती मी बहिरी, राखीव जागेपुरती नाही! माझ्यासारख्या मधल्या बाया पुष्कळ आहेत.

पण एक निकाल लक्षात ठेवा. लेखनिक नाकारलेल्या विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं की, गरजेची सोय मागायला 40 टक्क्यांची अट नाही. आरक्षण वेगळं, सोय वेगळी. खासगी मालकावर आरक्षणाचं बंधन नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्यालाही बंधनकारक आहे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कोणत्या सोयी देणार आणि हे काम कोण बघणार, तेही त्यात हवं. अर्ज करण्याआधी ते धोरण मागून बघा. ते आहे की नाही यावरूनच पुष्कळ कळतं.

आणि गप्प राहणं व लेखी खोटं लिहिणं यांत फरक करा. विचारलं नाही तर आपणहून सांगायला आपण बांधलेल्या नाही. पण रकान्यात ‘नाही’ लिहून सही केली, तर उद्या तोच कागद आपल्याविरुद्ध काढतील.

सांगावं की नाही, असं मुली मला विचारतात. मी सरसकट उत्तर देत नाही. माझी एक मैत्रीण पोलिओची. तिच्या कुबड्या तिच्या आधी दारातून आत जातात, तिला हा प्रश्न पडायची सवडच मिळत नाही. दुसरी मनाच्या आजारावर गोळ्या घेते. तिने ऑफिसात सांगितलं, आता ती रास्त कारणाने चिडली तरी म्हणतात, ‘गोळी घेतली नाही वाटतं.’ तिला मी कुठल्या तोंडाने म्हणू की खरं बोल? मी एवढंच विचारते: काम करायला तुला काही सोय लागणार आहे का? लागणार असेल तर नेमणूक हातात आल्यावर, चुका होण्याआधी सांग. आजाराचं नाव सांगण्यापेक्षा काय लागेल ते सांग, आणि लेखी सांग. सोय लागत नसेल तर ते तुझं खासगी आहे. न सांगणाऱ्या बाईला खोटारडी म्हणू नका. ती पोट सांभाळते आहे.

आता शेवटचं, थोडं कडू. काही वर्षांपूर्वी मी एका स्त्री संघटनेत पूर्णवेळ कार्यकर्तीच्या कामासाठी गेले होते. वाटलं, या तर आपल्याच! सगळं मोकळेपणी सांगितलं. ताई प्रेमाने म्हणाल्या, ‘अगं, पोलीस चौकी, कोर्ट, बायकांची रडारड, तुला झेपेल का?’ साहेबांच्या झापण्याने लागलं नव्हतं एवढं ते लागलं. रडणारी बाई काय सांगते ते मी तिच्या चेहऱ्याकडे बघूनच ऐकते, त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

म्हणून आज मागणं सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या पुढच्या जाहिरातीत ‘व्यंग आहे काय?’ हा रकाना काढा. त्याऐवजी प्रत्येकीला विचारा, ‘मुलाखतीसाठी आणि कामासाठी तुम्हाला कोणती सोय लागेल?’ कुणी लिहील जिना चढवत नाही, कुणी लिहील मूल पाजायचं आहे, मी लिहीन समोर बसून बोला. असं सगळ्यांनाच विचारलं की ‘सांगू की नको’ म्हणून एकटीने रात्रभर कूस बदलायची वेळ कुणावर येणार नाही.

आता प्रश्न विचारा. आणि हात वर करायला विसरू नका.