परदेशातील वास्तव्याचा परवाना आणि आपला विद्यानिधी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या स्मरणिकेचे गेल्या काही वर्षांचे अंक चाळले, तर परदेशी गेलेल्या ज्ञातिबांधवांची छायाचित्रे आणि त्यांच्या अभिनंदनाचे मजकूर त्यांत विपुल आढळतात. ते वाचून कोणाही ज्ञातिबांधवाचा ऊर भरून यावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ही मंडळी त्या देशात कोणत्या अधिकाराने राहतात, तो अधिकार त्यांना कसा मिळाला आणि मिळेपर्यंत घरच्यांना काय सोसावे लागले, याविषयी त्या अंकांत एक ओळही सापडत नाही. विमानतळावर हार घातला की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांलाच का केली, हे आम्ही जाणून आहोत. प्रसंग आमच्याच घरात घडला, आणि त्यात या मंडळाच्या एका ठरावाचाही वाटा होता. त्या ठरावावर आमची सही आहे.

सर्व देशांचे कायदे सांगू लागलो, तर येथेच उजाडेल. म्हणून आम्ही केवळ जर्मनीपुरते बोलणार आहोत. त्या देशाचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य आणि आपला महाराष्ट्र यांच्यात 2015 पासून भागीदारीचे नाते आहे. कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत या दोन राज्यांत 2024 साली करारही झाला. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारी मुले-मुली आता आपल्या कित्येक घरांत आहेत.

जर्मनीला परक्या देशांतील कामगारांची गरज काही आज भासू लागलेली नाही. 1955 साली इटलीशी आणि 1961 साली तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने आपल्या कारखान्यांसाठी माणसे आणविली. त्यांना ‘पाहुणे कामगार’ असे नाव दिले, आणि 1973 च्या नोव्हेंबरात ती भरती एकाएकी थांबविली. पाहुण्याने काम आटोपून परत जावे ही अपेक्षा त्या नावातच होती. प्रत्यक्षात लक्षावधी माणसे तेथेच राहिली, त्यांची नातवंडे तेथेच वाढली. पुढे 2000 साली संगणकतज्ज्ञांसाठी पाच वर्षांच्या मुदतीचे ‘ग्रीन कार्ड’ निघाले, 2012 साली ‘ब्ल्यू कार्ड’ आले, आणि 1 मार्च 2020 पासून कुशल कामगारांच्या आगमनाचा स्वतंत्र कायदा अमलात आला. 2023 व 2024 साली त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. त्या कायद्यात पाहुणा हा शब्द नाही. त्यात ‘कुशल कामगार’ आहे. आपल्या मुलाला आपण कितीही कुशल म्हटले तरी त्याचा येथे उपयोग नाही. तो कुशल आहे हे जर्मनीच्या मापाने सिद्ध व्हावे लागते.

आमच्या पुतण्याची कथा येथूनच सुरू होते. दहावीनंतर त्याने यंत्र अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका घेतली आणि चाकणच्या एका कारखान्यात आठ वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम केले. हात असा की बिघडलेल्या यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगावा. 2023 साली एका मध्यस्थाने त्याला जर्मनीतील नोकरीचे पत्र मिळवून दिले आणि साडेतीन लाख रुपये घेऊन त्याचा अर्ज ब्ल्यू कार्डासाठी भरला. ब्ल्यू कार्ड हे मुख्यतः विद्यापीठाच्या पदवीधरांसाठी आहे. अनुभवाच्या बळावर पदवीवाचून ते मिळण्याची सवलत आहे ती संगणकक्षेत्रातील तज्ज्ञांना. आपली पॉलिटेक्निकची पदविका जर्मन हिशेबात विद्यापीठाची पदवी ठरत नाही. अर्ज फेटाळला गेला. त्या वेळी नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचाराची विनंती एका महिन्यात करता येत असे; मध्यस्थाने तेही सांगितले नाही, आणि मुदत गेली. (2025 च्या जुलैपासून ती सोयच बंद झाली आहे. आता नकार आला, तर नवा अर्ज करावा किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा लावावा, एवढेच मार्ग उरले आहेत.) दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे सरकारी शुल्क 75 युरो, म्हणजे त्या वेळी आपले आठ हजार रुपयांच्या आत होते. बाकीचे साडेतीन लाख कशाचे, हा प्रश्न आमच्या घरात कोणीही, आम्हीसुद्धा, वेळेवर विचारला नाही.

ते पैसे वहिनींनी आपल्या पाटल्या व गोफ गहाण टाकून उभे केले होते. तत्पूर्वी पुतण्याने आपल्या विद्यानिधीकडे अर्ज केला होता. आपला नियम असा होता, आणि अजूनही आहे, की परदेशगमनाचे कर्ज व्हिसा हाती आल्यावर विमानभाड्यापुरते द्यावे. त्याच्याजवळ व्हिसा नव्हता. समितीने अर्ज नामंजूर केला. घरचा मुलगा असल्याने आम्ही चर्चेत भाग घेतला नाही, पण ठरावावर सही मात्र केली. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. परंतु ज्या वेळी थोडी रक्कम आणि चार शहाण्या माणसांचा सल्ला यांची गरज होती, त्या वेळी निधीने दार लावले. आणि ज्या वेळी काम फत्ते झालेले असते, त्या वेळी तोच निधी हार घेऊन उभा राहतो.

अर्जाची खरी सुरुवात नोकरीच्या पत्रापासून होत नाही. आपले शिक्षण तेथे कशात मोजले जाते, या प्रश्नापासून ती होते. विद्यापीठीय पदव्यांसाठी जर्मन सरकारची ‘आनाबिन’ नावाची सूची आहे. ती संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तीत आपले विद्यापीठ आणि आपली पदवी दोन्ही सापडावी लागतात. न सापडल्यास बॉन येथील मध्यवर्ती कार्यालयाकडून पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे. त्याचे शुल्क दोनशे युरोंच्या घरात आहे. आयटीआय व पदविकाधारकांचा मार्ग निराळा. उद्योगधंद्यांतील शिक्षणाची तुलना न्युर्नबर्ग येथील व्यापारी मंडळांचे समाईक कार्यालय करते, आणि सुतारकी, वीजकाम यांसारख्या कारागिरीच्या व्यवसायांची तुलना त्या त्या कारागीर मंडळाकडे होते. परिचारिकांना राज्याच्या अधिकाऱ्यांकडे जावे लागते. त्यांच्या शिक्षणात उणीव दिसली, तर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पदरी येते.

पुष्कळदा निकाल ‘अंशतः समतुल्य’ असा येतो. तो वाचून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. 2024 च्या मार्चपासून अशांसाठी एक नवी वाट झाली आहे. मालक आणि कामगार दोघांनी करार करावा, कामगाराने तेथे जाऊन काम करता करता मान्यतेचे सोपस्कार पुरे करावेत, आणि मालकाने त्यासाठी सवड द्यावी. अट अशी की मायदेशात सरकारमान्य असे निदान दोन वर्षांचे शिक्षण झालेले असावे आणि जर्मन भाषा ए2 पायरीपर्यंत यावी. आमचा पुतण्या अखेर याच वाटेने गेला. कारखान्याची पाळी संपवून तो चाकणहून पुण्यास शिकवणीला येई आणि रात्रीच्या बसने परते. ए2 ची परीक्षा तो दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. 2025 साली तो गेला, आणि या खेपेस मध्यस्थाला एक पैसाही द्यावा लागला नाही.

पदवीधरांनी मात्र ब्ल्यू कार्डाची चौकशी अवश्य करावी. त्यासाठी पगाराची किमान मर्यादा असून ती दर वर्षी बदलते. 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती; माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना सुमारे 43,760. आकडा पाहून हुरळून जाऊ नये. एकट्या माणसाच्या पगारातून कर व विमा मिळून सुमारे एक तृतीयांश रक्कम तेथेच कापली जाते. ज्यांना नोकरीच मिळालेली नाही, त्यांच्यासाठी 2024 च्या जूनपासून ‘चान्सेनकार्टे’, म्हणजे संधीपत्र, सुरू झाले आहे. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण मोजून एक वर्ष तेथे राहून नोकरी शोधण्याची मुभा त्याने मिळते. परंतु आपल्या निर्वाहाची तजवीज आधी दाखवावी लागते. 2025 साली ती महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाला तेरा हजारांवर होती. घर गहाण टाकून हे पैसे उभे करू पाहणाऱ्यांना आम्ही हात जोडून नको म्हणू.

मालक खरा की खोटा, याची एक कसोटी सांगून ठेवतो. ज्याला माणूस मनापासून हवा आहे, तो जर्मनीतील परकीय नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. तिचे शुल्क 411 युरो. सर्वच मालक हे करतात असे नाही. पण जो नोकरीच्या तपशिलाचा सरकारी तक्ता भरून द्यायलाही कां कूं करतो, त्याच्या नियुक्तीपत्रावर विसंबू नये.

आता नावांविषयी. आपल्या शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव; पदवीपत्रावर कधी हाच क्रम, कधी उलटा; आणि पारपत्रावर, म्हणजे पासपोर्टावर, वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण जर्मन कारकुनाला ही दोन माणसे दिसतात. भगिनींची अडचण याहून मोठी. शिक्षण माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या, आणि काही घरांत नावही लग्नात बदललेले. लग्नाची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे, नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी जपून ठेवावी, आणि सर्व कागदांत इंग्रजी अक्षरलेखन एकच आहे की नाही, हे आजच तपासावे. ज्या मुलीच्या मनात परदेशी जाण्याचे आहे, तिने लग्नानंतर नाव न बदलणेच सोयीचे, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथील काही वडीलधाऱ्यांना ते रुचणार नाही, हे ठाऊक असूनही बोलतो.

व्हिसा मिळाला म्हणजे परवाना मिळाला, हा आणखी एक गैरसमज. व्हिसा हे देशात शिरण्याचे पत्र. राहण्याचा परवाना तेथे पोहोचल्यावर स्वतंत्र अर्ज करून घ्यावयाचा असतो. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तीसाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. मग परकीय नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मागावयाची. मोठ्या शहरांत ही वेळ महिनोन्‌महिने मिळत नाही. व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असला, तर निकाल लागेपर्यंत वास्तव्य कायदेशीर राहते आणि तसा एक हंगामी दाखला मिळतो. या दाखल्यावर निरनिराळ्या कलमांचे रकाने असतात, आणि त्यांपैकी एकाच रकान्यावर खूण असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येते. गेल्या पावसाळ्यात आमचे दादा रुग्णालयात होते, तेव्हा पुतण्याने तो दाखला मेजावर ठेवून तिघा माणसांकडून त्याचा अर्थ समजावून घेतला आणि मगच तिकीट काढले. त्याची खूण योग्य रकान्यात होती. दादांच्या उशाशी तो नऊ दिवस बसला आणि परत गेला. खूण दुसरीकडे असती, तर त्याला वडील किंवा नोकरी यांतले एक निवडावे लागले असते. नोकरी सुटली, तर ती गोष्टही त्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावी लागते. पुष्कळ मुले भीतीपोटी ती लपवितात आणि अधिक गोत्यात येतात.

वडीलधाऱ्यांच्या मनातला प्रश्न आम्हांला ठाऊक आहे. मुलगा तेथे स्थिरावला, तर आमचे काय? कुशल कामगाराला साधारणपणे तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. ब्ल्यू कार्डवाल्यास 27 महिन्यांनी आणि भाषा बी1 पर्यंत आली असल्यास 21 महिन्यांनी. 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून प्रथम परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांनाही तेथे राहावयास नेण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. पूर्वी ही जवळजवळ बंदच होती. दार उघडले खरे, पण उंबरठा उंच आहे. आईवडिलांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची पुरती सोय मुलाने दाखवावी लागते. सरकारी विम्यात पत्नी व मुले कुटुंब म्हणून सामावतात, आईवडील नाहीत. आणि उतारवयातील माणसाचा खाजगी विमा फार महाग पडतो. तेव्हा नेईनच असे वचन मुलाकडून घेऊ नये, आणि त्यानेही ते देऊ नये.

आता विद्यानिधीकडे येतो. व्हिसा हाती असल्याची अट काढून टाकावी, असा ठराव आम्ही उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत. विमानभाड्याला कर्ज मिळण्याची फारशी गरज नसते. नोकरीच्या पत्रावर ते नातलगही देतात. कर्ज हवे ते भाषेच्या शिकवणीला, परीक्षेच्या शुल्काला, कागदपत्रांच्या अधिकृत भाषांतराला आणि शिक्षणाच्या मूल्यमापनाला. ते टप्प्याटप्प्याने द्यावे आणि मध्यस्थाच्या पावतीवर कदापि देऊ नये. परीक्षेत नापास झालेल्याचे कर्ज बुडाले असे मानण्याची घाई करू नये. दुसरी खेप द्यावी. यात निधीची काही रक्कम बुडेल, हे आम्ही लपवीत नाही. कोषाध्यक्षांनी कालच आम्हांला तसे बजावले आहे, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. परंतु वहिनींच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

ठराव मंजूर होवो वा न होवो, पुढील महिन्यापासून दर शनिवारी चार ते सहा या वेळेत आम्ही मंडळाच्या कचेरीत बसणार आहोत. ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी दहावीचे प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी, सर्व गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले आणि पारपत्र यांच्या छायाप्रती घेऊन याव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत, आणि ते कोणाच्याही स्वाधीन करू नयेत, आमच्याही नाही.