शोभिवंत माशांची पिले आणि फिल्टरची ओढ

(शोभिवंत मत्स्यसंवर्धनाच्या प्रशिक्षण वर्गात शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना फूटव्हॉल्व्ह सांगायला नको. पंप चालू असताना त्याच्या जाळीला पाला, शेवाळ, कधी एखादा बेडूकही येऊन चिकटतो. पंप बंद केला की तो आपोआप सुटतो. जाळीने त्याला आत जाऊ दिले नाही हे खरे, पण पाण्याची ओढ काही तिने थांबवली नाही. आजचा माझा विषय काचेच्या टाकीतला असला तरी गोष्ट हीच आहे. फरक एवढाच की विहिरीतला बेडूक पुष्कळदा जिवंत सुटतो आणि टाकीतले सात मिलिमीटरचे पिलू सुटत नाही.

शोभिवंत माशांचा जोडधंदा सुरू करणारे बहुतेकजण गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या माशांपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिले देतात. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वेते. एका वेताला वीस ते पन्नास पिले मिळतात, मोठ्या मादीपासून त्याहून जास्त. म्हणजे पिलांची कमतरता या धंद्यात नसते. कमतरता असते ती विक्रीच्या आकाराला पोचणाऱ्या माशांची. मधले तीन-चार महिने पिले जातात कुठे, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या परिचयाच्या एका भगिनीने घराच्या पडवीत बारा टाक्या मांडल्या होत्या. पिले जन्मली की चार दिवसांत निम्मी दिसेनाशी होत. आई पिलांना खाते असे सर्वांनी सांगितले. ते खोटे नाही, गप्पी आपलीच पिले खाते. म्हणून त्यांनी माद्या वेगळ्या काढल्या. तरी गळती थांबेना. मी गेलो तेव्हा टाकीत विजेवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवण्याचा फिल्टर होता. वीज बंद करून तो उघडला. आतल्या स्पंजाच्या फटीत चार पिले जिवंत होती, बाकीची पंख्याच्या बाजूला चुरडलेली होती. मी त्यांना सांगितले की तोंडाला जुन्या नायलॉन साडीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा. आठ दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की आता पिले आत जात नाहीत, पण सकाळी त्या कापडालाच चिकटून मेलेली सापडतात.

तो सल्ला माझा होता आणि तो अर्धवट होता. भोक लहान केले म्हणजे पिलू आत जाणार नाही, एवढाच विचार मी केला होता. ओढीचा विचार केला नव्हता.

ओढ म्हणजे काय ते हिशेबाने पाहू. ताशी ५०० लिटरचा पंप घ्या. त्याचा अर्थ सेकंदाला सुमारे १३९ घन सेंटिमीटर पाणी त्याच्या तोंडातून आत जाते. तोंडाला दोन मिलिमीटर रुंद व दोन सेंटिमीटर लांब अशा दहा फटी असल्या तर सगळ्या मिळून जागा होते चार चौरस सेंटिमीटर. १३९ ला चाराने भागा. पाणी त्या फटींतून सेकंदाला जवळजवळ ३५ सेंटिमीटर वेगाने शिरते. डबक्यात शेवाळ साचले आणि गाळ बसला की प्रत्यक्ष वेग थोडा कमी होतो, पण विचार करा, सात मिलिमीटरच्या पिलाला त्याच्या अंगाच्या पन्नास पट अंतर एका सेकंदात पोहायला सांगण्यासारखे ते आहे. आता त्याच फटींवर कापड घट्ट बांधले तर काय होईल? धाग्यांनी आणखी जागा अडवली. पाणी उरलेल्या भोकांतून अधिकच जोराने शिरू लागले. पिलू आत गेले नाही, पण भिंतीला खिळल्यासारखे झाले. त्याचे कल्ले हलेनात आणि ते गुदमरले.

उपाय उलट बाजूने करायचा. पाणी तेवढेच घ्या, पण ते मोठ्या जागेतून घ्या. सहा सेंटिमीटर व्यासाचा आणि बारा सेंटिमीटर लांबीचा गोल स्पंज त्या तोंडावर चढवला तर स्पंजाच्या बाजूची जागा सुमारे २२६ चौरस सेंटिमीटर होते. १३९ भागिले २२६, म्हणजे वेग आला सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरच्या किंचित वर. पंप तोच, पाणी तेवढेच, ओढ मात्र पन्नास पटींहून कमी झाली. एवढ्या ओढीतून गप्पीचे नुकते जन्मलेले पिलू सहज निघून जाते. उलट ते त्या स्पंजावरच चरायला येते, कारण त्यावर सूक्ष्म जीवांचा थर धरतो.

स्पंज निवडताना थोडी पारख हवी. गादीचा दाट फोम वापरू नका. तो दोन दिवसांत तुंबतो. फिल्टरसाठी म्हणून मिळणारा, मोकळ्या भोकांचा स्पंज घ्या. मधले भोक पंपाच्या तोंडावर घट्ट बसले पाहिजे. सैल राहिले तर सगळे पाणी त्या फटीतूनच जाईल आणि स्पंज नुसता शोभेला राहील. स्पंजाचे खालचे टोक बंद आहे ना, हेही पाहा. तो काचेला किंवा तळाला टेकू देऊ नका. काच आणि स्पंज यांच्या चिमटीत पिले अडकतात. नवा स्पंज साध्या पाण्यात दोन-तीनदा पिळून घ्या, साबण लावू नका.

मोठा स्पंज मिळत नसेल तर घरची प्लास्टिकची बरणी चालते. झाकणाला भोक पाडून पंपाची नळी आत घ्या. बरणीच्या अंगाला मोठ्या खिडक्या कापा आणि बाहेरून नायलॉनची जाळी ताणून बांधा. दहा सेंटिमीटर व्यासाची, पंधरा सेंटिमीटर उंचीची बरणी असेल, तिचा निम्मा भाग कापला आणि जाळीची निम्मी जागा धाग्यांत गेली असे धरले, तरी पाण्याला ११८ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. ओढ सेकंदाला सव्वा सेंटिमीटरपर्यंत उतरते. जाळी आणि नळीचे तोंड यांत अंतर राहिले पाहिजे, सगळी गंमत त्या अंतरात आहे. मच्छरदाणीची जाळी मी फक्त दीड सेंटिमीटरच्या वरच्या माशांसाठी सांगतो. त्याहून लहान पिलांना स्पंजच बरा.

ओढ किती आहे हे मोजायला यंत्र लागत नाही. बारीक काडीला बोटभर सुती दोरा बांधा आणि फिल्टरच्या तोंडाजवळ एक सेंटिमीटरवर धरा. दोरा ताठ होऊन तोंडाकडे वळला तर ती जागा पिलांसाठी धोक्याची आहे. सैल लोंबत राहिला तर चालेल. दर आठवड्याला ही कसोटी घ्या, कारण स्पंज एका बाजूने तुंबला की उरलेल्या मोकळ्या भागाची ओढ वाढते, आणि वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. पिलांच्या टाकीत विजेचा पंप असलेला फिल्टर ठेवूच नये. हवेवर चालणारा स्पंज फिल्टर ठेवावा. बोअरला कॉम्प्रेसर बसवून हवेने पाणी वर काढतात ते आपण पाहिले आहे. हा फिल्टरही तसाच चालतो. नळीत हवेचे बुडबुडे वर चढतात, आपल्याबरोबर पाणी वर नेतात, आणि त्याची जागा घ्यायला स्पंजातून पाणी हळूहळू येते. आत फिरणारा पंखाच नाही, त्यामुळे पिलू चुरडण्याचा प्रश्न येत नाही. एका चांगल्या हवेच्या पंपावर बारीक नळ्या काढून दहा-बारा टाक्या चालतात. खर्चाच्या दृष्टीनेही हेच परवडते. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर, फळीवर ठेवा. वीज गेली की नळीतून पाणी उलटे उतरून पंपात शिरते. वर ठेवणे शक्य नसेल तर प्रत्येक नळीत एकेरी झडप बसवा.

वीज जाण्याचा आणखी एक धोका आहे. फिल्टर बंद पडला की पिले आडोसा समजून त्याच्या तोंडात, फटींत जाऊन बसतात. वीज आली की एकदम ओढली जातात. ज्यांच्याकडे अजून विजेचा फिल्टर आहे त्यांनी त्याची कळ हातानेच चालू करावी, आणि त्याआधी तोंडाजवळ काडी हलवून पिले हुसकावून लावावीत. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हे लहानांनाही शिकवून ठेवा.

अंडी घालणाऱ्या माशांची गोष्ट याहून नाजूक आहे. फायटर आणि गुरामी यांची अंड्यातून निघालेली पिले तीन मिलिमीटरच्या आसपास असतात. पहिले दोन-तीन दिवस ती पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि धड पोहतही नाहीत. त्यांना कोणताच प्रवाह नको. हवेचा बुडबुडासुद्धा सेकंदाला एखादाच सोडा. तळाची घाण बारीक नळीने काढताना ती नळी थेट बादलीत सोडू नका, पांढऱ्या तसराळ्यात सोडा. त्यात पिले दिसतात आणि चमच्याने परत टाकता येतात. मोठ्या फायटरचे पर लांब असतात आणि तो पोहण्यात कच्चा असतो. त्याच्या टाकीतही जोराचा फिल्टर नको. पर एकदा फाटले की व्यापारी तो मासा बाजूला काढतो.

स्पंज पिळताना एक चूक हमखास होते. पाणी घाण दिसले की नळाखाली धरून स्पंज लख्ख धुतला जातो. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो, तो निरुपद्रवी करणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात आणि दोन दिवसांत टाकी बिघडते. टाकीतलेच पाणी बादलीत घ्या आणि त्यात स्पंज हलक्या हाताने दोन-तीनदा दाबा, पुरे. पण त्याआधी हवा बंद करून स्पंज पाण्यातच हळू हलवा, म्हणजे त्यावर बसलेली पिले उठतील. बादलीतले पाणीही पाहून मगच झाडाला घाला. नव्या स्पंजावर हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पुढच्या वेतासाठी लागणारा स्पंज महिनाभर आधीच मोठ्या माशांच्या टाकीत बुडवून ठेवावा.

सिमेंटच्या टाक्यांत वाढवणाऱ्यांना फिल्टर नसला तरी सांडीचा पाईप असतो. पावसात टाकी भरून वाहू लागली की पिले त्यातून जातात. तिथेही तोंडावर चिंधी कोंबू नका. हातभर लांबीची जाळीची पिशवी पाईपवर चढवा. हे मासे बहुतेक परदेशी आहेत, ते ओढ्यात जाणे आपल्या गावच्या माशांच्या दृष्टीनेही बरे नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पूर्ण वाढलेला मासा फिल्टरला चिकटलेला सापडला तर लगेच फिल्टरला दोष देऊ नका. धडधाकट मासा सहसा चिकटत नाही. तो आधी आजारी झाला असेल, मग ओढला गेला असेल. अशा वेळी आधी पाणी पाहा. टाकीत गर्दी झाली आहे का, खाद्य उरते आहे का, पाणी कधी बदलले, हे विचारा. रोज चतकोर पाणी बदलून पाहा. ज्या माशाचे पर फाटले असतील तो वेगळ्या भांड्यात ठेवा आणि लिटरमागे एक ते दोन ग्रॅम जाडे मीठ विरघळवून घाला. पराचे मूळ शाबूत असेल तर पर पुन्हा येतो.

पिलांना आर्टेमियाची जिवंत पिल्ली घालताना फिल्टर दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावा, नाहीतर खाद्य स्पंजात जाते. परत चालू करायला मात्र विसरू नका. त्या भगिनींनी त्यासाठी युक्ती केली आहे. फिल्टर बंद केला की त्या प्लग उजव्या हातात धरूनच बसतात.

त्यांच्या बाराही टाक्यांत आता हवेवरचे स्पंज आहेत. मागच्या वेताची ४१ पिले त्यांनी मोजली होती, महिन्याने ३६ होती. गेलेली पाच कुठे गेली हे त्यांना अजून शोधायचे आहे.

इथे टेबलावर एक टाकी, बरणी, जाळी आणि कात्री ठेवली आहे. पुढे या, दोऱ्याची कसोटी आधी उघड्या तोंडावर घेऊ आणि मग बरणी बसवून घेऊ.