आधी कोणते काम? लघुउद्योगाच्या आरंभीचा विवेक

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बेंगळुरूच्या जुन्या पेठांची नावे ध्यानात घेण्याजोगी आहेत. कन्नडमध्ये अक्की म्हणजे तांदूळ. तांदळाची ती अक्कीपेठ. अरळे म्हणजे कापूस. कापसाची ती अरळेपेठ. बळे म्हणजे बांगडी. बांगड्यांची ती बळेपेठ. केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेल्या आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या नगरीत कुठे काय मिळते, हे पेठेच्या नावावरूनच कळे. आज याच शहरात कुणी घरातल्या एका खोलीत, तर कुणी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्यात नवा उद्योग मांडतो. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न मात्र तोच असतो: लोकांनी आपल्याला कोणत्या एका कामासाठी ओळखावे?

पहिल्या वर्षी भांडवल थोडे, हात थोडे आणि कामे अगणित असतात. पाटी रंगवायची असते, कार्डे छापायची असतात, संकेतस्थळ उभारायचे असते, खुर्च्या-टेबले घ्यायची असतात. दिवस भरून जातो, अंग शिणते आणि पुष्कळ काम झाल्याचे समाधानही मिळते. परंतु या कामांचा एक छुपा मोह असा, की त्यांत कुणी नकार देत नाही. गिऱ्हाइकाच्या दारी गेले की नकार मिळू शकतो. म्हणून तेच काम उद्यावर ढकलले जाते. अनेक उद्योग आळसामुळे बुडत नाहीत. बिनमहत्त्वाच्या कामांतील उद्योगीपणामुळे बुडतात. आणि त्यांच्याबरोबर बहुधा एखाद्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक बुडते.

इटलीतील सुमारे ८० टक्के जमीन सुमारे २० टक्के लोकांच्या हाती आहे, असे अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो परेटो यांना आढळले होते. पुढे जोसेफ जुरान यांनी हाच विचार कारखान्यांतील गुणवत्तेला लावला: बहुतेक दोष मोजक्याच कारणांतून उद्भवतात. ८० आणि २० हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. परंतु थोड्या कामांतून बहुतेक फळ येते, हे सूत्र व्यवहारात टिकले आहे. ती थोडी कामे ओळखायची कशी, हाच खरा प्रश्न.

त्याचे उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात सापडते. त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईला गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याने यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बंधूंच्या साथीने त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. पुढे त्यांनी सायकलींचा व्यापार मागे ठेवला आणि शेतकऱ्याच्या कामाच्या वस्तू करायला घेतल्या: कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर.

नांगराची कथा प्रत्येक नवउद्योजकाने मनात जपावी अशी आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे न खपणारी वस्तू हे ‘महत्त्वाचे काम’ कसे म्हणायचे? इथेच विवेक लागतो. गिऱ्हाइकाच्या नकाराचे दोन प्रकार असतात: ‘मला याची गरज नाही’ आणि ‘माझा यावर विश्वास नाही’. पहिल्या नकारापुढे हट्ट धरणे म्हणजे भांडवल जाळणे होय. दुसऱ्या नकारापुढे माघार घेणे म्हणजे पिकायच्या आधी शेत सोडणे होय. जमिनीला खोल नांगरटीची गरज होती. नव्हता तो विश्वास. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या उद्योगपरिवाराची किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी १९४६ साली बेंगळुरूत सुरू झाली, ती त्या नांगरानंतर पुष्कळ वर्षांनी. आधी एक वस्तू, मग पसारा, असा तो क्रम होता.

बेंगळुरूतच १९७८ साली किरण मजुमदार यांनी भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये १०,००० रुपयांच्या भांडवलावर बायोकॉन सुरू केली. तरुण स्त्री आणि अपरिचित व्यवसाय, म्हणून बँका कर्ज देण्यास कचरत होत्या. अशा वेळी त्यांनी मोठ्या संशोधनाचा घाट घातला नाही. पपईपासून मिळणारे पपेन हे विकर तयार करून परदेशी पाठवणे हे त्यांचे आरंभीचे काम. आयर्लंडची कंपनी भागीदार असल्याने माल जायचा कुठे, हे आधीच ठाऊक होते. इन्सुलिनपर्यंतची मजल पुढची. पहिली पायरी पपईची.

अग्रक्रम एकदा ठरवला म्हणजे कायमचा ठरला, असेही नाही. लालबाग रस्त्यावरील ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’, म्हणजे सर्वपरिचित एमटीआर, या उपाहारगृहाचा आरंभ १९२४ सालचा. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा तेथे रव्याची इडली करून पाहिली गेली. आणीबाणीच्या काळात सरकारने खाद्यपदार्थांचे दर इतके खाली बांधले, की उपाहारगृह चालवणे तोट्याचे झाले. तेव्हा तयार पिठांची पाकिटे विकण्याचा मार्ग धरला गेला. परिस्थितीने काम बदलले. पदार्थाची प्रत हा अग्रक्रम मात्र बदलला नाही.

या उदाहरणांतून नवउद्योजकासाठी तीन प्रश्न निघतात. दर सोमवारी सकाळी ते कागदावर लिहावेत. पहिला: हे काम या महिन्यात केले नाही, तर विक्री थांबेल काय? दुसरा: हे काम दुसऱ्याकडून थोड्या पैशांत करून घेता येईल काय? तिसरा: या कामाने गिऱ्हाईक पुन्हा परत येईल काय? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर देणारी कामे दोन-तीनच उरतील. दिवसाचे ताजे तास त्यांना द्यावेत. हिशेबाची वही आणि कायद्याची नोंदणी यांना मात्र ‘किरकोळ’ म्हणू नये. ती थोड्या वेळाची कामे आहेत, पण टाळली तर घर पोखरतात.

एक मोठे काम नवखे लोक हमखास विसरतात: वसुली. माल विकला म्हणजे पैसे आले असे नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ज्या दिवशी बिल द्यायचे त्याच दिवशी वसुलीची तारीख वहीत लिहिणे, हे दहा नव्या जाहिरातींपेक्षा मोलाचे काम आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी धंद्यात पडते तेव्हा ‘दुकान केवढे घेतलेस?’ असे विचारले, तर ती दुकान सजवील. ‘या महिन्यात गिऱ्हाईक काय म्हणाले?’ असे विचारले, तर ती गिऱ्हाइकाकडे जाईल. घरात विचारला जाणारा प्रश्नच पुष्कळदा नव्या उद्योगाचा अग्रक्रम ठरवतो.

साठ वर्षांत शाळेने हजारो विद्यार्थ्यांना परीक्षेतील एक साधी रीत शिकवली: आधी अधिक गुणांचे प्रश्न सोडवावेत, समासाची सजावट वेळ उरल्यास करावी. उद्योगाच्या प्रश्नपत्रिकेत फरक इतकाच, की कोणत्या प्रश्नाला किती गुण, हे छापलेले नसते. ते ज्याचे त्याने शोधायचे असते. आणि ते शोधणे हेच उद्योजकाचे पहिले काम होय.