पोपट कसा धरावा?

आज कवितेबद्दल बोलणार नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, जनावरांच्या औषधपाण्यातलं मला काही कळत नाही. पण माझी भाची पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती सुट्टीत घरी आली की जेवताना जे विषय काढते, त्यानं निम्मं घर पानावरून उठतं. मी मात्र बसून ऐकतो. त्याला एक जुनं कारण आहे.

१९८१ साली मी दहा वर्षांचा होतो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या घरी एक पोपट होता. आज आपला हा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा ते कुणाच्या गावी नव्हतं. तो आम्हाला सलाम करायचा आणि शेजारच्या काकूंना ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचा. एके सकाळी तो पिसं फुलवून गप्प बसला. अब्बांनी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. भला माणूस. म्हणाले, “मी बैल-म्हशी शिकलोय. पाखरू कधी हातात घेतलेलं नाही.” तरी त्यांनी औषध काढलं आणि मला सांगितलं, “पंचात गुंडाळून घट्ट धर, चावेल.” मी दोन्ही हातांनी धरला. औषध पाजून झालं, पंचा उघडला, तर मान कलंडलेली. अब्बा म्हणाले, “त्याची तेवढीच होती.”

आता भाचीकडे येतो. तिचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. सगळा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांच्यावर, आणि ते रास्तच आहे. वन्य आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या वाट्याला थोडेच तास येतात. प्राणिसंग्रहालयात तिला पहिल्या दिवशी काय शिकवलं? हात न लावता बघायला. काल टाकलेल्यातलं किती उरलं, विष्ठा कशी आहे, चालताना कोणता पाय जपतो, हे वहीत लिहायचं. कारण रानातलं जनावर दुखणं लपवतं. दुबळं दिसलं की कुणीतरी खाणार, हे त्याच्या रक्तातच असतं. पाखरू तर उभं राहण्याची ताकद असेपर्यंत दाखवत नाही. पिसं फुलवून बसलं, म्हणजे आधीच उशीर झालेला.

मग फुंकनळी. लांब नळीतून फुंकरीनं औषधाची सुई मारायची. सरावाला सुईत नुसतं पाणी आणि समोर पोतं. नेम महिन्याभरात बसतो म्हणे; अवघड आहे तो अंदाज. बिबट्याला काट्यावर कोण उभं करणार? नजरेनं वजन ठरवायचं. औषध कमी पडलं तर अर्धवट झिंगलेला बिबट्या अंगावर येतो, जास्त झालं तर तो उठतच नाही. पडल्यावरही डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर फडकं टाकायचं. मग श्वास मोजत, ताप बघत बसायचं.

हे सगळं शहरातल्या बागांपुरतं, असं मला वाटायचं. भाची म्हणाली, “मामू, जुन्नरकडच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. फोन आधी कुणाला जातो? गावातल्या गुरांच्या डॉक्टरला.” तिनं गिधाडांचंही सांगितलं. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास देत. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे २००४ साली उघड झालं आणि २००६ साली आपल्याकडे गुरांसाठी ते औषध बनवण्यावर बंदी आली. तोवर आपली बहुतेक गिधाडं संपली होती. दोष कुणा एका डॉक्टरचा नव्हता. म्हशीला टोचताना गिधाडाचा विचार करायचा असतो, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

परवा ती एका मेलेल्या पक्ष्याच्या शवविच्छेदनाबद्दल बोलत होती. शिकायला अशा रोग्यांचा तुटवडा असतो, त्यामुळे मेलेला प्राणी फार मोलाचा. तिनं आत हवेच्या पातळ पिशव्या पाहिल्या. म्हणाली, आपल्यासारखं श्वासपटल पाखराला नसतं. छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत जाते. म्हणून मान दोन बोटांत धरायची आणि छाती मोकळी ठेवायची. छाती दाबली की तोंड उघडं असूनही ते गुदमरतं.

माझा घास हातातच राहिला. मी पोपटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “आजारी तो होताच, मामू. कदाचित तसाही गेला असता.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “इत्ता कसके पकड्या कौन?”

मी म्हणालो, “डॉक्टर.”

तिला आजच्या कार्यक्रमाची वेळ मी कळवली आहे.